विश्रामभाऊंचा जबाब

गावात मला सगळे टरकतात. गोजराबाई आली म्हणलं की पारावरची गडी माणसं बिड्या विझवतात. पाच वर्सं सरपंच हुते, भांडून निवडून आले हुते. पण विश्रामभाऊंच्या बाबतीत मी जे केलं, ते आठवलं की आजबी माजी मलाच लाज वाटती.

विश्रामभाऊ आमच्या चावडीवरचे शिपाई. चावडी शंभर वर्सांच्या वरची, घडीव दगडाच्या भिंती, सागवानी खांब, वर कौलं. चौतीस वर्सं त्यांनी ती सांभाळली. मृगाच्या आधी सवता वर चढायचे, कौलं चाळायचे, फुटकी बदलायचे. दिवाळीला खांबांना तेल. एकदा मी म्हणले, "भाऊ, पंचायतीचं काम हाय, एवढं कशापायी मरताय?" तर म्हणाले, "वैनी, माज्या हयातीत एक थेंब आत आला न्हाई." आन खरंच आला नव्हता.

मग हिंजवडी पसरत पसरत आमच्या वेशीला आली. रस्त्याकडंच्या जागेला लई भाव आला. चावडी पाडून गाळे काढायचं ठरलं, त्यातला एक माज्या लेकाला, इंद्रजितला. खोटं कशाला बोलू, मलाच हाव सुटली. पण धडधाकट इमारत पाडायची कशी? इंजिनिअर म्हणाला, धोकादायक दाखवा. दहा वर्सं कौलांची डागडुजी झाली न्हाई, छत गळतंय, असा शिपायाचाच जबाब आणा.

जबाब मी सांगितला, कारकुनानं लिहिला. वाचून दाखवला तसा विश्रामभाऊंचा चेहरा उतरला.

"वैनी, मी तर दरसाल..."

"अवो, कागदापुरतं हाय. कोण वाचतंय?" मी दटावलंच त्यांना.

"तुमी म्हणताय तर," म्हणाले आन सही केली. लई मानायचे मला, मेलीला.

भिंती काय धोकादायक नव्हत्या. जेसीबीला दोन दिवस लागले त्या पाडायला. विश्रामभाऊ उतरवलेली कौलं एकावर एक रचत हुते.

परवा ते पाय मोडून पडलेत कळलं म्हणून बघायला गेले. लेक फौजेत, घरी सून अपेक्षा, गेल्या साली लग्न होऊन आलेली. शिकलेली पोर, सासऱ्याचं तिला भारी कौतुक. अशी जपलेली चावडी पाडली कुणी, म्हणून तिनं अर्ज करून पंचायतीतनं कागद काढले हुते. माज्यासमोरच तिनं तो जबाब सासऱ्यापुढं धरला.

"मामा, ही सही तुमचीय? दहा वर्षं कौलांना हात लावला नाही, असं लिहिलंय. आणि मी माहेरी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या सासऱ्यानं चावडी जपली म्हणून!"

विश्रामभाऊंनी माज्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. आता बोल गं भवाने, असं मनात शंभरदा म्हणले.

"माजीच हाय," ते म्हणाले. "आळस केला बाळा."

अपेक्षानं कागदाची घडी घातली. तिला रडू फुटलं हुतं. मग माज्याकडं वळून म्हणाली, "काकू, तेव्हा सरपंच तुम्हीच होता ना? तुम्ही तरी यांना बोलायचं होतं."

माज्याआधी विश्रामभाऊच बोलले.

"त्यांना काय म्हणू नगंस. वैनींनी लई येळा बजावलं हुतं मला."

आन मी मान हलवली, व्हय म्हणून.