जमनीबाईची साक्ष

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

डहाणू रोडला माझं टायपिंगचं दुकान आहे. वकिलांची कामं — नोटिसा, प्रतिज्ञापत्रं आणि मुख्य म्हणजे साक्षी. दिवाणी दाव्यात पुष्कळदा साक्ष कमिशनरपुढे घेतात. कमिशनर म्हणजे कोर्टानेच नेमलेला वकील. तो सांगतो, मी लॅपटॉपवर उतरवते, साक्षीदार खाली सही करतो. माझी मराठी अगदी शुद्ध, असं सगळे वकील म्हणतात. ‘ताई, मूळच्या पुण्याच्या का हो?’ मी नुसती हसायचे. माहेर आशागडचं, असं सांगायचे — खोटं. माहेर सायवनच्या पलीकडच्या पाड्यावरचं. घरात वारलीच. आईला दुसरं काही बोलता येत नाही, म्हणून तिला मी कधी दुकानावर येऊ दिलं नाही. कसला मेला तोरा होता मला?

जमनीबाई विधवा. नवरा गेल्यावर दिराने तिचा अंगठा घेतला — सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचंय म्हणून — आणि कागद निघाला हक्कसोडपत्राचा. तिचा वाटा दिराच्या नावावर गेला. भाताचा एक तुकडा आणि वर नाचणीचा थोडा माळ, तेवढ्यावरच ती जगत होती. ते परत मिळावं म्हणून तिने दावा लावला होता.

साक्षीच्या दिवशी ती घडाघडा बोलली, पण सगळं वारलीत. कमिशनरसाहेब गोंधळले. इथे कुणाला वारली येते का, म्हणून विचारलं.

मी स्क्रीनकडे बघत बसले. एक शब्द — ‘येते’ — एवढाच तर म्हणायचा होता. पण तोंडात मूग. दिराच्या वकिलाचा कारकून उठला, तलासरीकडचा, आणि दुभाषा म्हणून तोच बसला. तिचा वकील नवखा पोरगा, त्याला भाषेचा गंध नाही, तो आपला माना डोलवत होता. ती म्हणाली, अंगठा माझाच, पण नाव लावायला म्हणून घेतला, जमीन मी सोडली नाही. कारकून म्हणाला — अंगठा माझाच, राजीखुशीने दिला. मी तेच टाइप केलं. एकही चूक नाही हो, काना-मात्रेची नाही.

दावा फेटाळला. निकालात त्याच वाक्यावर बोट ठेवलंय. आता ती वरोरला मासळी सुकवायच्या मजुरीवर जाते, असं ऐकलं.

भित्री होती, गप्प बसली — माझ्याबद्दल एवढंच म्हणाल तुम्ही. मीही स्वतःला इतकी वर्षं तेवढंच सांगत आले. गप्प काय, कुणीही बसतं. पण तेवढंच नाही ना.

त्या दिवशी साक्ष संपली, मी प्रिंट काढली. खाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ असं छापलेलं — वाचलं कुणीच नव्हतं. जमनीबाई अंगठा देईना. एकदा फसलेली बाई ती, का देईल? कमिशनरसाहेब घड्याळ बघायला लागले. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली. खोलीत दुसरी बाई नव्हती म्हणून असेल. हळूच म्हणाली, “बाय, माझा सगला बेस लिवला ना?”

आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं — वारलीत. आईशी बोलते तसं, आणि इतक्या हळू की टेबलापलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये.

“हां बाय. बेस लिवला.”

तिचा चेहराच बदलला. इथे आपलं माणूस आहे, आपली भाषा कळणारं — असं वाटलं असणार तिला. ती माझ्याकडे बघून हसली. मग तिने हात पुढे केला. मी शाईचं पॅड सरकवलं, आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.