ज्वारीची लॉरी

काचीगुड्याचा ट्रान्सपोर्टवाला फोनवर "लॉरी तयार है" म्हणाला आणि लातूरची ज्वारी उद्या आलीच, असं मी घरी जाहीर करून टाकलं. नवं राज्य नुकतंच झालं होतं. बायको तेव्हा विद्यानगरला शिकणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांना डबे द्यायची. माझ्या भरवशावर तिनं होतं तेवढं पीठ संपवलं आणि उद्याही भाकरीच कबूल केली.

सकाळी ज्वारी आणायला गेलो, तर लॉरी धुऊन-पुसून दारातच उभी. लातूरला निघालीच नव्हती.

"गाडी तयारच है ना साब, ड्रायवर नै," ट्रान्सपोर्टवाला म्हणाला. "शहर में कार चलातूं, रोज रात कू घर जातूं, बोलके गया. नवे पोट्टे बी लॉरी नक्को बोलते."

घरी येऊन मी ड्रायव्हरची सगळी हकीगत सांगितली आणि तावातावानं म्हणालो, "हल्ली कुणाला कष्टच नकोत!" मी स्वतः ऑफिसातून रोज दिवेलागणीच्या आत घरी येणारा माणूस.

बायको तांदूळ निवडायला बसली. म्हणाली, "रोज घरी येतो ना आता तो? बरं झालं त्याच्या बायकोचं. पोरांना आज भात जाईल. पण भाकरी का नाही, ते डबे घेऊन जाऊन तुम्हीच सांगायचं."