डेकखालचं पाणी

घरात आणि धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत. बोट म्हणाल तर तीस माणसांची, फायबरची, दिवसभर खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाणारी. वीस वर्षं तो तिच्या डेकवर वावरला होता. एका सकाळी दोरी सोडताना त्याच डेकवर पाय सटकला आणि मनगट मोडलं. डेकवरचे पकड देणारे बारीक दाणे पार झिजून गेले होते.

हात प्लास्टरमध्ये गेला आणि बोट दुरुस्तीच्या शेडमध्ये. तिथे बोटी घासायचं काम करायच्या त्याच्या सख्ख्या वहिनी. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. घासून घासून बोटांवरचे ठसे इतके पुसट झाले होते की एका कचेरीतल्या यंत्राने त्यांचा अंगठा तीनदा नाकारला होता. "वहिनी म्हणजे कागदोपत्री नाहीतच," असं म्हणून कप्तान घरात हशा पिकवायचा. त्यांचं काम मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. भांडी घासतात तशा बोटी घासतात, एवढंच त्याला ठाऊक.

घरी बसून कंटाळला, तेव्हा तो शेडमध्ये जाऊन उपड्या पिंपावर बसला.

पहिला अख्खा दिवस वहिनींनी घासायला काही हातातच घेतलं नाही. प्लास्टिकची लहान हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि वीतवीतभर पुढे सरकत डेक ठोकत राहिल्या. मधूनच पेन्सिलीने खूण करायच्या. दुपारपर्यंत खुणा जोडून चटईएवढा आकार झाला, नेमका सुकाणूपाशी.

"भाऊजी, इकडे या. ऐका जरा."

रेघेबाहेर ठोकलं, आत ठोकलं. कप्तानाला फरक कळेना.

"डोळे मिटून ऐका."

मग ऐकू आलं. बाहेर टक, आत ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. रोज तो तिथेच तर उभा राहायचा.

"वर-खाली फायबरचे पत्रे, मध्ये लाकूड," वहिनी म्हणाल्या. "स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरलंय. लाकूड गेलंय."

संध्याकाळी बोटीचा मालक आला. "वर तर साधी चीरही नाही. तुम्ही नुसती चकाकवून द्या. सोमवारी मला बोट पाण्यात हवी."

"चकाकेल," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण इथे पाच माणसं एकदम उभी राहिली तर डेक खाली बसेल."

मालक कप्तानाकडे वळला. "वीस वर्षं चालवतोस. तुला कधी जाणवलं?"

"नाही जाणवलं. पण वहिनी म्हणतात तर कापून बघू. कोरडं निघालं तर चूक माझी."

पेन्सिलीच्या रेघेवरून कटर फिरला. वरचा पत्रा उचलला तसं काळपट पाणी ओघळलं. मालकाने लाकडात बोट खुपसलं, तर चहात बुडालेल्या टोस्टसारखं ते आत गेलं. रेघेच्या दोन बोटं पलीकडे मात्र लाकूड ठणठणीत, कोरडं. सोमवारचा विषय मालकाने पुन्हा काढला नाही.

पुढे कप्तान शेडमध्ये रोजच येऊ लागला. नवं लाकूड बसलं, त्यावर रेझिनच्या चिकट द्रावात भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड चढलं. ते सुकेपर्यंत वहिनींनी बाहेरची बाजू धरली. पाण्याच्या रेषेवरचे तपकिरी डाग लेप लावून उतरवले. मग त्याच बाजूवर पेन्सिलीने गिरगोट्या काढल्या.

"एवढं धुऊन आता घाण करताय?"

"गिरगोटी पुसली की थांबायचं. हा जेलकोट, वरचा रंगीत थर, नखाएवढा जाड. एक हात जास्त फिरला तर कापड उघडं पडतं."

ओला पॉलिशपेपर आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चकाकी आणणारं बफिंगचं यंत्र. खडूसारखी भुकटी उडाली आणि खालून रंग वर आला. कप्तान त्या बोटीला वीस वर्षं पिवळट समजत आला होता. ती दुधाळ होती, किंचित निळसर झाक असलेली. त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीसकट. तो कितीतरी वेळ तिथून हललाच नाही.

डेकच्या नव्या तुकड्याला तोच रंग हवा होता. वहिनी पांढऱ्या जेलकोटमध्ये काडीने काळ्याचा ठिपका, निळ्याचा थेंब घालायच्या, दारातल्या उजेडात जाऊन बघायच्या. अकरा वेळा ओतून दिलं. बाराव्या वेळी बोटीच्या कडेला एक ठिपका लावला, सुकू दिला आणि म्हणाल्या, "कुठे लावलाय सांगा."

कप्तानाने वीतवीत धुंडाळलं. ठिपका त्याच्या अंगठ्याखाली होता.

प्लास्टर निघाल्यावर बोट पाण्यात उतरली. डेकवर साबणाचं पाणी ओतून कप्तान अनवाणी चालून आला. वहिनींनी डेकभर बसवलेल्या नव्या दाण्यांवर पाऊल घट्ट बसत होतं. धक्क्यावर वहिनी पिशवी आवरत होत्या.

"बसा की वहिनी. माझ्या बोटीत एकदाही बसला नाहीत."

"पलीकडे माझं काय काम?"

"काही नाही. जाऊन यायचं."

त्या पुढच्या बाकावर बसल्या. लोक चढले, नेहमीच्या जागी उभे राहिले. खाली कोणी पाहिलंही नाही. वहिनी मात्र काठाला बांधलेल्या बोटी निरखत होत्या. एका हिरव्या बोटीत कोणीतरी उडी मारली, ठप्प आवाज झाला, तशा त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती हिरवी आतून गेलीय."

कशावरून, हे कप्तानाने विचारलं नाही. परतल्यावर दोरी बांधली आणि सरळ हिरव्या बोटीच्या मालकाला शोधायला निघाला.