हलू नका

काल जुनी शिफ्ट लेन्स पुसताना तिची चाकी किरकिरली आणि डिंभ्याचं पाणी डोळ्यांपुढं आलं. कॅमेरा न हलवता नुसती लेन्स सरकवत मी धरणाचे तीन फोटो घेत होतो. जोडून एकच लांब फोटो होणार होता. मधल्या फोटोसाठी एक मेंढपाळबाबा उभे केले. "हलू नका," म्हणालो.

मधला झाल्यावर त्यांना मोकळं करायला हवं होतं. मी विसरलो. उजवीकडचा घेताना मेंढरं कांद्यात शिरलेली दिसली, तरी बटण दाबलं.

शेतमालक शिव्या देत धावत आला.

"या भाऊंनी हलू नका म्हनलं व्हतं," बाबा म्हणाले.

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी रीळ गुंडाळत राहिलो.

फोटो बैठकीत लावलाय. "हे ताठ उभे कोण?" पाहुणे विचारतात. मी धरणाबद्दल सांगतो.