पाण्यात मान वर

माझा स्वभाव संशयी आहे, हे नवऱ्यानं मला पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही. नगरला आमची पिठाची गिरणी आहे. डबा ठेवून "जरा जाऊन येते" म्हणणारी बाई नक्की कुठं जाते, याचाही मी मनाशी छडा लावत बसते. त्यामुळं गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या डॉक्टरांचा त्या तरण तलावाशी काही संबंध आहे का?

संबंध नव्हता. मी चौकशी केली होती.

पोहायला मला लहानपणापासून येत होतं. माझं माहेर शेवगावच्या पुढं. तिथं पोहायचं ते विहिरीत, आणि मुली विहिरीत उतरल्या की वरून पोरं मुटके मारणारच. गुडघे पोटाशी घेऊन धाडकन अंगावर उडी. म्हणून आम्ही पोरी मान वर काढून, नजर काठावर ठेवूनच पोहायचो. कोण कुठं उभा आहे, कुणाच्या डोक्यात काय शिजतंय, हे बघत हातपाय मारायचे. पाण्यात तोंड घालणारी मुलगी आमच्यात वेडी समजली जायची.

तलावात बायकांच्या बॅचला शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, पण दरारा मोठा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"ताई, सारखं वर काय बघताय? इथं कुणी तुमच्या अंगावर उडी मारणार नाही."

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

मान वर ठेवली की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि माणूस पुढं सरकत नाही, हे त्यांनी मला किती वेळा तरी समजावलं. मला ते पटायचंही. पण तोंड पाण्यात घातलं की मान आपोआप वर यायची. आजूबाजूला काय चाललंय ते दिसत नाही, ही कल्पनाच मला सोसत नसे.

वर्षभरानं मॅडमनी पन्नाशीपुढच्या बायकांच्या स्पर्धेत माझं नाव दिलं. तलावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि परत यायचं, एवढीच शर्यत. पण माझंच नाव का? गट भरत नसणार, म्हणून खोगीरभरती, असा मी अंदाज बांधला. नवऱ्यानं त्यात तेल ओतलं.

"तिथं आलेल्या समद्यांनाच पदक देत्यात," तो बशीत चहा ओतता ओतता म्हणाला. "सत्काराचा नारळ असतो ना, तसं. तू नुसती जाऊन हुबी ऱ्हा."

मला भयंकर राग आला, कारण मलाही तसंच वाटत होतं. आणि तरी ते पदक मला हवं होतं. लग्न झाल्यापासून मी कशातच पहिली आले नव्हते. कुणी दयेनं गळ्यात घातलेलं नको होतं, खरंखुरं जिंकलेलं हवं होतं. हे मी घरात कुणाला बोलले नाही.

स्पर्धेला शिर्डीहून एक बाई आल्या होत्या. घरचं हॉटेल, अंगानं उंच, डोक्याला घट्ट पिवळी टोपी. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नका ताई. या वयात शर्यत पुरी केली तरी लई झालं." त्यानंतर थोड्याच वेळात त्या आणि आमच्या मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून हसताना दिसल्या. हसता हसता दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी ते लक्षात ठेवलं.

शिट्टी झाली. मी नेहमीसारखीच मान वर काढून निघाले. पिवळी टोपी पुढं जाताना स्पष्ट दिसत होती. पलीकडच्या भिंतीला हात लावून वळले, तेव्हा ती आणखी पुढं होती. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हरणार हे दिसत होतं, आणि ते बघत बघत हरायची मला इच्छा नव्हती. म्हणून मी तोंड पाण्यात घातलं.

खाली निळी फरशी होती आणि तिच्यावर एक काळा पट्टा. काठ नाही, मॅडम नाहीत, कुणी नाही. अंग एकदम हलकं झालं. हात भिंतीवर आपटला, मी डोकं वर काढलं, तर शेजारी टोपी नव्हती. ती माझ्या मागून येत होती.

टाळ्या वाजल्या. मी ओलीचिंब असतानाच मॅडमनी मला मिठी मारली, गळ्यात पदक पडलं, नवरासुद्धा उभा राहून हात हलवत होता. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाई पुढं होत्या हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या मागं पडल्या तेव्हा मी बघत नव्हते. म्हणजे नेमकं तेव्हाच कुठंतरी पाणी मुरलं होतं.

जेवणाच्या मांडवातही मी मसालेभात नुसता चिवडत तोच विचार करत होते. शेवटी मी ताट घेऊन शिर्डीच्या बाईंसमोरच जाऊन बसले.

"एक विचारते, खरं सांगा. परत येताना तुम्ही मुद्दाम हळू केलंत ना? मॅडमनी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्यांचा घास हातातच राहिला. "मुद्दाम? मी? मॅडम तर तुमच्या त्या मान वर काढून पोहन्याचं सांगत हुत्या, त्याला आमी हसत हुतो. आवो, येताना माझा दम तुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. गेल्या साली मीच पयली हुते. निघताना सुनेला म्हनलं, हार आनून ठेव. आता घरी काय तोंड दावू? आन तुमी म्हनताय, मी सोडलं!"

त्यांचा आवाज फुटला. उष्टा हात तसाच धरून त्यांनी दंडानं डोळे पुसले. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही, पण खोटं कशाला सांगू, आतून उकळ्या फुटत होत्या. पोरवयातही मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

मग त्यांनी नाक ओढलं आणि डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी खरंच पन्नाशीच्या पुढच्या हाय का?"

"छप्पन्न पूर्ण."

"मला न्हाई पटत. एवढी ताकद? कायतरी गडबड हाय. मी इचारनार हाय तिथं."

भरलं ताट तसंच सोडून त्या तरातरा पंचांच्या टेबलाकडं निघाल्या. "विचारा, विचारा, अगदी खुशाल विचारा!" मी मागून ओरडले, आणि हसता हसता मला जिलबीचा ठसका लागला.