उडी मारणाऱ्या पक्ष्यासाठी दुर्बीण

पक्षी पाहायला जाणाऱ्यांकडे पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पक्षी बिचारा क्षणभर दिसतो आणि भुर्रकन उडून जातो. किस्सा मात्र दर रविवारी थोडा अंग धरून परत येतो! अमरावतीतल्या आमच्या टोळीचं तर असं झालंय, की तळ्यावर जायचं ते नावाला. खरा कार्यक्रम परतताना, गिल्या, म्हणजे ओल्या, वड्याच्या गाडीवर.

टोळी चौघांची. भाऊराव मोर्शीचे, संत्र्याचे बागाईतदार. ते कुजबुजले तरी पलीकडच्या काठावरची बदकं उठतात. रफिकभाईंचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या दुर्बिणींचे डॉक्टरही तेच. नलूताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आणि बँकेतून सुटी मिळाली की मी.

आमचा कायमचा वाद एकच. पक्षी पाहायला आदर्श दुर्बीण कशी असावी?

आम्हा तिघांसाठी ही चैनीची चर्चा. नलूताईंना मात्र घाई होती. त्यांना तणमोर पाहायचा होता. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात आमच्या अकोल्याकडच्या गवताळ रानात येतो आणि दिवसभर गवतात दडून असतो. नर तेवढा मधूनच गवताबाहेर सरळ उंच उडी घेतो आणि पुन्हा गडप! पापणी लवली की संपलं. आम्हा तिघांना तो कधी ना कधी दिसलाय. ताईंना इतक्या पावसाळ्यांत एकदाही नाही. आणि यंदाच्या दिवाळीनंतर त्या कायमच्या मुलाकडे बंगळूरला जाणार होत्या.

"बोला मॅडम, कशी दुर्बीण पायजे? बनवून देतो," रफिकभाई एकदा वडा मोडत म्हणाले.

"त्यानं उडी मारायच्या आधी दाखवन अशी!"

रफिकभाईंनी अगदी गंभीरपणे विचार केला. "थो माल अजून मार्केटमधी आला नाई."

*

भाऊरावांचं तत्त्व सोपं. ट्रॅक्टर असो की दुर्बीण, मोठं तेच चांगलं. त्यांनी अशी दांडगी दुर्बीण मागवली, की ती गळ्यात घातली की माणूस नमस्काराला वाकल्यासारखा दिसायचा. दुर्बीण जितकं जास्त जवळ आणते तितका हाताचा थरथराटही मोठा दिसतो, हे रफिकभाईंनी आधीच सांगितलं होतं. पण ऐकतील ते भाऊराव कसले!

पहिल्याच रविवारी त्यांनी ती तळ्याकाठच्या बगळ्यावर रोखली. बराच वेळ पाहिलं.

"बगळाच हाये. पण इतका काहून कापून राहिला बाप्पा? थंडी वाजून राहिली काय त्याले?"

"भाऊ, बगळा ठणठणीत हाये," रफिकभाई म्हणाले. "तुमी चहा कमी करा!"

*

तीच दुर्बीण भाऊरावांनी घरी मिरवली. "याच्यातून कोसभरावरचं अंगणात येते, पाह्य!" वहिनींनी ती हातात घेतली, नेमकी उलटी धरली आणि भाऊरावांकडे पाहू लागल्या. उलट्या दुर्बिणीतून सगळं लहान दिसतं.

"अवं, सुदी धर न!"

"राहू द्या. तुमचं पोट पयल्यांदाच मापात दिसून राहिलं!"

हा किस्सा भाऊरावांनी स्वतः आम्हाला सांगितला. त्याला मन मोठं लागतं. त्यांचं आहे, पोटाइतकंच आहे.

*

पक्षी दिसला की बोट दाखवायचं नाही, हा आमचा नियम. हात हलला की पक्षी जातो. म्हणून खूण सांगायची. तिसरं झाड, दुसरी फांदी, अशी.

अकोल्याजवळच्या एका तळ्यावर भाऊराव कुजबुजले, "शिक्रा! थ्या म्हशीच्या डाव्या शिंगाच्या वर बोटभर. बाभळीत!"

तिन्ही दुर्बिणी शिंगावर गेल्या. तेवढ्यात म्हैस चालायला लागली. आम्ही शिंग पक्कं धरून ठेवलेलं, त्यामुळे आम्हीही तिच्यासोबत निघालो.

"दिसला का?"

"शिंग दिसून राहिलं."

"मंग वर पाहा न, वर!"

"वर तं ट्रान्सफॉर्मर हाये!"

म्हैस निवांत पाण्यात उतरली आणि बसली. ताई तिच्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "भाऊ, शिंग बुडालं. आता काय शिक्रा पाण्यात शोधू?"

त्या दिवशी आदर्श दुर्बिणीत आणखी एक भर पडली. सोबत म्हैस बांधायचा दोर हवा!

*

ताईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दोन डोळ्यांचे नंबर दोन तऱ्हेचे. दुर्बिणीला उजव्या डोळ्यासाठी वेगळी कडी असते. ती नेमकी कुठवर फिरवायची ते ताईंनी एकदा शोधून काढलं आणि तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. गणिताच्या बाई त्या, उत्तर सापडलं की खाली रेघ मारणारच.

गेल्या पावसाळ्यात रानात निघायच्या आदल्या दिवशी रफिकभाईंनी आपण होऊन ती दुर्बीण सर्व्हिसिंगला नेली. सकाळी मोठ्या अभिमानाने परत दिली. "घ्या मॅडम, एकदम चकाचक! कोन्या पोट्ट्यानं लाल डाग पाडला होता, थोही स्पिरिटनं काढला!"

आणि त्याच सकाळी, ताई कडी इकडून तिकडे फिरवत असताना, समोर तणमोर उडाला!

"दिसला न मॅडम?"

"दिसलं! एक धुकटं वर गेलं आन् एक धुकटं खाली आलं!"

आम्ही पोट धरून हसलो. रफिकभाई हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी वडासुद्धा खाल्ला नाही, आणि ते पाहून माझंही हसू ओसरलं. "मॅडमले तणमोर दाखवल्याबिगर बंगळूरले जाऊ देत नाई," एवढंच म्हणाले.

*

यंदाचा पावसाळा. बार्शीटाकळीकडचं रान, कमरेएवढं गवत, आणि आमचा नेहमीचा नियम. गवतात शिरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. रफिकभाईंनी ताईंच्या दुर्बिणीची कडी बरोबर जागेवर लावून तिला चिकटपट्टी मारली होती. ते स्वतः लांब, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिकडे तणमोर दिसला की रुमाल हलवणार, असं ठरलं; हात न हलवायच्या नियमातून त्यांना तेवढी सूट.

तणमोर तिकडेच उडाला. रफिकभाईंनी रुमाल हलवला. पण आम्ही तिघंही डोळ्याला दुर्बिणी लावून भलतीकडेच पाहत होतो, रुमाल दिसणार कोणाला? त्यांनी दोन्ही हात हलवले. ओरडायची तर सोय नाही. शेवटी साठी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला तो माणूस धुऱ्यावर उड्या मारायला लागला!

ताईंची दुर्बीण फिरत फिरत नेमकी त्यांच्यावर आली.

"अवो भाऊ, हे रफिकभाई काहून उडून राहिले?"

"साप निंघाला वाट्टे!" भाऊराव म्हणाले.

तोच रफिकभाईंच्या मागच्या गवतातून तणमोर उडाला. नर तो, समोर कोणी उड्या मारतंय हे त्याला खपेल कसं! रफिकभाई पुन्हा उडाले. तणमोर त्यांच्याहून उंच! पुन्हा रफिकभाई, पुन्हा तणमोर! इकडे भाऊराव तोंडात उपरणं कोंबून हसतायत आणि ताईंच्या दुर्बिणीखालून दोन धारा गालांवर आलेल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

रफिकभाई थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत आमच्याकडे पाहू लागले.

"ताई, दिसला न?" भाऊरावांनी विचारलं.

"दिसला हो! डोळे भरून दिसला!" ताई म्हणाल्या. "पण त्याचा तुरा पाहाचा राहिला."

आणि दुर्बीण डोळ्यांवरून न काढता त्यांनी रफिकभाईंना एक बोट वर करून दाखवलं.

रफिकभाईंनी खाली वाकून गुडघ्याचा पट्टा आवळला.