माझ्या हनुवटीचं माप

बुलढाण्याला येणाऱ्या त्या दातांच्या डॉक्टरवर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

वाकडे दात सरळ करायला तो मोठ्या शहरातून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येई, म्हणून त्या दिवशी दवाखान्यात मरणाची गर्दी. माझं वय तेव्हा एकोणीस. धामणगाव बढ्याहून सकाळच्या एसटीनं आईसोबत मी दवाखाना गाठला. फॉर्मवर स्त्री की पुरुष ही जागा कोरी सोडली, कारण मी दोन्ही नाही. औषधांच्या रकान्यात मात्र ठळक लिहिलं: वर्षभरापासून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. अर्धवट फॉर्म आत जात नाही, म्हणून काउंटरवरच्या बाईनं परस्पर ‘स्त्री’वर खूण केली. डॉक्टरनं तेवढंच वाचलं.

हे लोक एक्स-रेवर रेघा मारून जबड्याचे कोन मोजतात. बायकांचा तक्ता वेगळा, पुरुषांचा वेगळा. माझी हनुवटी बायकांच्या तक्त्यात बसेना. मग त्यानं ठरवलं की चार चांगले दात काढायचे, ओठ आत घ्यायचे आणि पुढं हनुवटीचं हाड तासायचं. सांगितलं सगळं आईला. लग्नातले फोटो बघाल तेव्हा माझी आठवण काढाल, असंही वर म्हणाला. चेहरा राकट व्हावा म्हणून मी सुया टोचून घ्यायच्या आणि यानं तो नाजूक करायचा! इंजेक्शनांचं आईला ठाऊक होतं. ती नुसती मान डोलावत राहिली, आणि ते मला डॉक्टरपेक्षा जास्त लागलं.

दात मी काढू दिले नाहीत. दुसऱ्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, तुला चेहरा कसा हवाय? इंजेक्शनांनी हाडं आता फारशी वाढणार नाहीत, पण हिरड्या सुजतील, त्या सांभाळू, म्हणाल्या. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. दातांच्या कडा किंचित घासून जागा केली. दोन वर्षं तारा होत्या.

तारा निघाल्यावर मी बुलढाण्याचा पुढचाच दुसरा शनिवार धरला, आईलाही ओढून नेलं. हनुवटीवर तोवर विरळ दाढी आली होती. डॉक्टरनं ओळखलं नाही. आ करायला लावलं, कामाचं कौतुक केलं, हनुवटी चेहऱ्याला शोभते म्हणाला. बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "हीच तुम्ही तासणार होता."

मग त्याला काढायचे होते ते चारही दात एकेक बोट ठेवून दाखवले. बाहेरचे माना उंचावून बघायला लागले. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

त्याचं तोंड उतरलं. सवयीनं तो आईकडे वळला आणि जरा समजवा म्हणाला.

"मी काऊन समजावू?" आई म्हणाली. "चेहरा लेकराचा हाये. तवाच लेकराले इचाराले पाह्यजे होतं. तुमीबी अन् मीबी."

डॉक्टरला मी माफ केलेलं नाही, करायचंही नाही. आईला मात्र तिथंच, त्याच्या देखत करून टाकलं.